अर्ध्या दिवसाची सावड

आमच्या डिंगोऱ्याकडं कांद्याची खुरपणी सावडीनं होते. आज पाच घरच्या बायका माझ्या रानात, उद्या त्याच पाच जणी तुमच्या रानात. एखाद्या घरची बाई आली नाही तर तो दिवस त्या घराच्या नावावर राहतो. तो धान्यानं फिटत नाही, पैशानंही फिटत नाही. बाईच्या हातानंच फिटतो. वाफ्यात बायका ओळीनं बसतात आणि जिच्यापुढं जेवढी पट्टी येईल ती तिची पात. माझी आई पात धरायची तेव्हा बाकीच्या तिच्या पाठीकडं बघत खुरपायच्या. माझी बायकोही गुडघे धरेपर्यंत तशीच. आमच्या घरची पात मागं राहिली असं या शिवारात कुणी बोललेलं मी ऐकलं नव्हतं. मी तिसरीतून शाळा सोडली. मला कुठं मान मिळाला असेल तर तो बांधावर मिळाला.

हे आधी सांगतो, कारण सुनेच्या बाबतीत मी जे केलं ते त्या पातीपायी केलं. टीबी निमित्ताला होता.

सून आण्याच्या पठारावरची. नव्वदीच्या शेवटाला पोराचं लग्न केलं. पठारावर तेव्हा पाण्याची बोंब, रान बाजरी-हुलग्याचं. तिचा बाप मला पहिल्या दिवसापासून पटला नाही. बोलणं हळू, आणि काही विचारलं की आधी जमिनीकडं बघणार. जेवायला बसल्यावर मी त्याला म्हणालो, "पावणं, तुमच्याकडं आंघोळ बाजारच्या दिवशीच करत्यात म्हणं." पंगत हसली. तोही हसला. हसणाऱ्या माणसाला काय मान द्यायचा, असं मला वाटलं.

पोरगी मात्र हाताला चलाख निघाली. सडपातळ अंग, पण खुरपं असं चालायचं की बघत राहावं. पहिल्या वर्षीच आईसारखी सगळ्यांच्या पुढं गेली. मी बांधावर तंबाखू मळत बसायचो आणि कुणी येणारा-जाणारा थांबला की म्हणायचो, "आमची सून हाय ती."

लग्नाला दोन-तीन वर्षं झाली आणि ती खोकायला लागली. बाजारच्या गावातल्या डॉक्टरनं टीबी सांगितला, सहा महिने गोळ्या. लोकांत आम्ही निमोनिया सांगितला. तिसऱ्या महिन्यात खोकला थांबला, अंगात ताकद आली. गोळ्या आणायला पंधरा दिवसांतून एक अख्खा दिवस मोडत होता आणि कांदा खुरपणीला आला होता.

मी म्हणालो, "खोकला गेला. आता कशाच्या गोळ्या?"

ती म्हणाली, "मामा, डॉक्टर सहा महिने म्हणलेत."

"डॉक्टर खुरपायला येनार हाय का?"

तीही हसली तेव्हा. गोळ्या बंद झाल्या. पात पुढं राहिली.

चार वर्षांनी तिच्या खोकल्यातून रक्त आलं. तोवर गावच्या उपकेंद्रात नर्सबाई आल्या होत्या, सरकारी. त्यांनी गोळ्या सुरू केल्या, पण गुण येईना. मग थुंकी पुण्याला गेली. बऱ्याच दिवसांनी कागद आला. नर्सबाईंनी आम्हाला बसवून सांगितलं, "हा साधा टीबी राहिला नाही. औषध अर्धवट सोडलं की तो शहाणा होतो, नेहमीच्या गोळ्यांना जुमानत नाही. आता हा हट्टी झालाय."

मी म्हणालो, "आमच्या घरात आला म्हणल्यावर हट्टीच आसनार."

नर्सबाई हसल्या नाहीत. "दोन वर्षं औषध," म्हणाल्या. "एक दिवस चुकवायचं नाही. या वेळी सोडलं तर पुढचं औषध माझ्याकडं नाही, कुणाकडंच नाही. मग पोर जाईल."

हे त्यांनी मला सांगितलं. माझ्या तोंडाकडं बघून सांगितलं. मला माहीत नव्हतं असं मी म्हणू शकत नाही.

पहिले सहा महिने रोज सुई. सकाळच्या गोळ्या उपकेंद्रात नर्सबाईंच्या समोर गिळायच्या, रात्रीच्या घरी. दुसऱ्या दिवशी रिकामं पाकीट नेऊन दाखवायचं. गोळ्या घेतल्या की तिला मळमळायचं, कधी ओकारी व्हायची, कानात किर्र वाजायचं. पण तिनं एकही गोळी चुकवली नाही. पावसाळ्यात थुंकी साफ निघाली. औषध मात्र दोन वर्षांचं दोन वर्षंच, असं नर्सबाईंनी पुन्हा बजावलं.

श्रावणात तिचा चेहरा भरायला लागला. आधी डोळ्यांखाली, मग गाल, मग हातापायाची बोटं. बांगड्या चढेनात. बायको खूष. म्हणाली, "अंग धरलं बाई पोरीनं." शेजारच्या बायका तिला चिडवायला लागल्या, "काय खाती गं? आमालाबी सांग."

आमच्याकडं टीबी म्हणजे माणूस वाळणार, हाडं मोजून घ्यावीत असा होणार. ज्यानं अंग धरलं तो बरा झाला. दुसरा अर्थ आम्हाला ठाऊकच नव्हता. मी त्याच आठवड्यात तिचं दूध बंद केलं आणि नर्सबाईंनी सांगितलेली अंडीही. म्हणालो, "फुगनारा टीबी मी बघितला न्हाई. रोग गेला. आता राहिलाय तो आळस."

आणि आळस खरंच दिसत होता. भाकरी थापता थापता तिचा हात थांबायचा. चुलीपुढं बसल्या जागी डोळा लागायचा. काही विचारलं तर उत्तर यायला इतका वेळ लागायचा की विचारणारा निघून जायचा. आवाज घोगरा झाला, बाप्यासारखा. डोक्याचे केस भाकरीत सापडायला लागले. दसऱ्याच्या उन्हात आम्ही घामानं भिजत होतो आणि ही घोंगडी पांघरून अंगणात बसायची. म्हणायची, "मामा, थंडी वाजती."

मी तिला मालकीण म्हणायला लागलो. सकाळी चुलीला जाळ दिसला नाही की मी ओट्यावरून हाक मारायचो, "मालकीन उठल्या का? का पान्याचा बंब तापवून देऊ?" बायको सुरुवातीला गप्प बसवायची, मग तीही हसायला लागली. पोरगा आळेफाट्याला पिकअप चालवायचा, आठवड्यातून एकदा घरी यायचा. तो एकदा म्हणाला, "आबा, हिला पुण्याला दाखवून आनू का? मला ही बरी दिसत न्हाई."

"दाखव," मी म्हणालो. "आन् तिकडंच ऱ्हावा दोघं."

तो खाली मान घालून जेवला. त्याची ही सवय मला आवडायची.

दिवाळी होऊन थंडी पडली तेव्हा एका सकाळी ती उठेना. मी हौदातलं तांब्याभर गार पाणी आणून तिच्या तोंडावर ओतलं. ती ओरडली नाही. थोड्या वेळानं उठून बसली, आणखी थोड्या वेळानं पदरानं तोंड पुसलं, मग माझ्याकडं बघितलं. राग यायलाही तिला उशीर लागत होता. मला तेव्हा ते सोंग वाटलं.

पौषात सावड सुरू झाली. पहिले तीन दिवस मी बायकोला पाठवलं, गुडघे बांधून. चौथा दिवस चुलतभावाच्या रानाचा. त्याच्या मागं त्याची बायको सगळं बघते. शिवारातली सगळ्यात खमकी बाई, मी तिला वहिनी म्हणतो, ती मला भावजी. बायकोला त्या दिवशी पाय टेकवेना. मी सुनेला म्हणालो, "चला मालकीन. रोग बरा झाला, आता हात दाखवा."

दहिवर होतं. वाफे ओले होते. पाच जणी ओळीनं बसल्या आणि पहिल्या घटकेतच आमची पात मागं पडली. दुसऱ्या घटकेला चार जणी वाफ्याच्या टोकाला आणि ही अर्ध्यात. खुरपं मातीत जायचं आणि तिथंच राहायचं. कांद्याची पात कुठली, तण कुठलं हेही तिला नीट उमगेना. तिनं दोन-तीन कांदे उपटले आणि हातात धरून त्यांच्याकडं बघत बसली.

एक पोरगी म्हणाली, "वैनी, कांदा लावायचा दिवस गेला, आज खुरपायचाय." सगळ्या हसल्या. मी बांधावर होतो. माझ्या कानाच्या पाळ्या तापल्या.

आमच्याकडं रीत आहे. एखादीची पात मागं राहिली की पुढं गेलेली बाई वळून तिच्या समोरून खुरपत येते आणि मध्ये दोघींची गाठ पडते. त्यात कमीपणा नाही. बाळंतीण असली, आजारी असली, म्हातारी असली, सगळ्यांचं असंच भागतं. वहिनी उठली आणि वळली.

मी म्हणालो, "वहिनी, तिच्या पातीला हात लावू नका."

"अवो भावजी, पोरीचं डोळं बगा. ती आजारी हाय."

"आजारी न्हाई. माजलीया. तिची पात तिनंच उरकायची."

वहिनी खुरपं हातात घेऊन उभी राहिली. बाकीच्या खाली बघायला लागल्या. आता कुणी हसत नव्हतं. सून खुरपत राहिली. सूर्य डोक्यावर आला, बायका भाकरी खायला बांधाला बसल्या, ही वाफ्यातच. मी कुणाला तिला हाक मारू दिली नाही. भाकरी खाऊन बायका दुसऱ्या वाफ्याला लागल्या तरी तिची पात हातभर राहिलीच होती, आणि ती उकिडवी बसल्या बसल्या पुढं कलंडून मातीत टेकली. झोपली होती.

मी तिला दंडाला धरून उठवलं आणि सगळ्यांदेखत घराकडं चालवलं. जाताना वहिनीला म्हणालो, "अर्धा दिस राहिला. पायलीभर बाजरी पाठवतो."

"सावड बाजरीनं फिटत न्हाई, भावजी," वहिनी म्हणाली. "तुमाला कुनी शिकवायची गरज न्हाई."

त्या संध्याकाळी मी विचार केला. गुंगी येते ती गोळ्यांनी. सकाळच्या गोळ्या नर्सबाईंच्या समोर घेते, तिथं माझं चालणार नाही. रात्रीच्या माझ्या घरात आहेत. मी रात्रीचं पाकीट माझ्या ट्रंकेत ठेवलं. रोज एकेक गोळी अंगठ्यानं दाबून बाहेर काढायची, उकिरड्यात टाकायची आणि रिकामं पाकीट सकाळी तिच्या हातात द्यायचं. "हे दाखव बाईला."

तिनं पहिल्या दिवशी पाकिटाकडं बघितलं, मग माझ्याकडं. "मामा, बाई म्हनल्या व्हत्या मरशील."

"आमच्या घरात कामानं कुनी मेलं न्हाई," मी म्हणालो.

असे बारा-पंधरा दिवस गेले. तिचं अंग काही हलकं झालं नाही. उलट पायावर बोट दाबलं की पीठ दाबल्यासारखं वाटायचं.

मग एका दुपारी नर्सबाई घरी आल्या. कुणी सांगितलं ते मी विचारलं नाही, वहिनीनंच सांगितलं असणार. त्यांनी सुनेला अंगणात उजेडाला बसवलं. "मान वर कर. आवंढा गिळ." ती गिळत असताना बाई तिच्या गळ्याकडं वाकून बघत राहिल्या. गळ्याच्या खालच्या बाजूला मऊसर फुगवटा वर-खाली झाला. मी रोज तिचं तोंड बघत होतो, तो मला दिसला नव्हता.

"पाळी वेळेवर येते का? शौचाला होते का? थंडी वाजते?" बाई एकेक विचारत होत्या आणि ती सावकाश हो-नाही म्हणत होती. मग बाई माझ्याकडं वळल्या. "गळ्यात थायरॉईड म्हणून गाठ असते, सगळ्यांना असते. तिच्यावर अंग चालतं. या टीबीच्या औषधांनी ती कधी कधी मंद पडते. मग माणूस सुजतो, गारठतो, झोपाळतो. हिला आळस नाही, बाबा. मला हे आधीच कळायला पाहिजे होतं, मीही सूज बघून बरी झाली म्हणाले. पुण्याला नेऊन रक्त तपासायचं. तसंच निघालं तर एक छोटी गोळी मिळते, सकाळी उपाशीपोटी. महिना-दोन महिन्यांत फरक पडतो. टीबीचं औषध मात्र एक दिवसही थांबवायचं नाही."

बायको माझ्याकडं बघत होती.

तेव्हा सून बोलली. त्या जाड आवाजात, एकेक शब्द सावकाश. "रातच्या गोळ्या उकिरड्यात हायत."

नर्सबाईंनी मान वळवून उकिरड्याकडं बघितलं. मग म्हणाल्या, "कुणी टाकल्या?"

"म्या टाकल्या," मी म्हणालो. "माझं घर हाय."

"आणि पुण्याला कधी नेता?"

"खुरपनी संपल्यावर बगू."

बाईंनी पदराला हात पुसले आणि उठून गेल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी सुनेचा बाप दारात, निरोप बाईंनीच धाडला असणार. पहिल्या गाडीनं आला होता, खांद्यावर जुन्या धोतराचा धडपा. मी बसा म्हणालो नाही, तोही बसला नाही. जमिनीकडं न बघता तो माझ्याशी पहिल्यांदाच बोलला.

"पावणं, पोरीला नेतो."

"न्या. पर परत आनू नगा. आमाला झोपाळू मानूस परवडत न्हाई."

"बरं," तो म्हणाला.

एवढंच. मी चार शब्द जास्त ऐकायला तयार होऊन उभा होतो. त्यानं ते दिलेच नाहीत. तिला उठायला वेळ लागला, लुगड्याचं गाठोडं बांधायला वेळ लागला, उंबरा ओलांडायला वेळ लागला. बाप तिच्या पावलानं चालला, एकदाही चल म्हणाला नाही. एसटीच्या थांब्यापर्यंत त्यांना किती वेळ लागला ते मी ओट्यावरून बघत होतो.

पुढचं मला तुकड्या-तुकड्यानं कळलं. पुण्याला रक्त तपासलं, नर्सबाई म्हणाल्या तेच निघालं. गळ्याची गोळी सुरू झाली. मी टाकलेल्या दिवसांपायी टीबीचं औषध लांबलं, थुंकी पुन्हा पुन्हा तपासायला लागली, आणि प्रत्येक वेळी कागद येईपर्यंत पठारावरच्या त्या घरात कुणाला घास गोड लागत नव्हता म्हणे. पोरगा हे सगळं मला सांगायचा. मग सांगायचा बंद झाला. उन्हाळ्यात एकदा आला तो कपडे न्यायला. "आबा, आळेफाट्याला खोली घेतलीया. ती आली की तिथंच ऱ्हानार." त्यानं या वेळी मान खाली घातली नाही.

त्यानंतरच्या खुरपणीला वहिनी आमच्या रानात आली नाही. तिच्या मागं बाकीच्या तीन घरांनीही पाठ फिरवली. सावड मोडल्याचं कुणी तोंडानं बोललं नाही. नुसत्या आल्या नाहीत. बायको आणि मी दोघांनी कांदा खुरपला. पुरुष वाफ्यात बसलेला बघून रस्त्यानं जाणारी पोरं थांबायची. अर्धा कांदा तणानं खाल्ला.

त्याच्या पुढच्या पौषात, एका सकाळी, ती दारात उभी राहिली. आळेफाट्याहून पहिल्या गाडीनं आली असावी. चेहरा पहिल्यासारखा, लांबट. हातातल्या बांगड्या खाली सरकलेल्या. हातात खुरपं. बायको रडायला लागली आणि तिनं चहा टाकला.

"चा थोड्या येळानं घेते, आत्याबाई," ती म्हणाली. "आत्ताच गोळी घेतलीया."

आवाजही पहिल्यासारखा.

मी विचारलं, "आजून टीबीच्या गोळ्या?"

"टीबी संपला, मामा. गेल्या महिन्यात औषध बंद झालं. ही गळ्याची. डॉक्टर म्हनले आजून दोन-तीन महिनं, मग हीबी बंद."

"केवढी आस्ती?"

तिनं कमरेची पिशवी उघडून पाकीट दाखवलं. हुलग्याच्या दाण्याहून लहान गोळी. मी ती बघितली. तिनं पाकीट माझ्या हातात दिलं नाही, स्वतःच्या हातात धरून दाखवलं.

चहा पिऊन ती उठली. मला वाटलं आमच्या रानाकडं निघाली. मी काठी घेऊन मागं गेलो. ती आमचा बांध ओलांडून वहिनीच्या वाफ्यात गेली. तिथं चौघी बसल्या होत्या. कुणी काही विचारलं नाही, सरकून जागा केली. तिनं पात धरली. मी आमच्या बांधावर उभा राहिलो. तण काढताना तिचं मनगट वळायचं तसंच वळत होतं, लव्हाळा गाठीसकट वर यायचा. थोड्या वेळात ती पुढं गेली. मग एकीची पात मागं पडलेली बघून वळली आणि समोरून खुरपत तिच्यापर्यंत आली.

भाकरीच्या वेळेला ती उठली. खुरपं मातीत दोनदा मारून साफ केलं. वहिनीला म्हणाली, "काकी, माझा अर्धा दिस फिटला."

"फिटला गं बाय."

मला ऐकू येत होतं. मी बांधावरून म्हणालो, "वहिनी, म्हंजी आमच्या घरचं फिटलं. उद्यापास्नं आमच्याकडं सावड लावा."

वहिनीनं भाकरीचा तुकडा मोडला. "तिचा फिटला, भावजी. तिच्या खोलीचा फिटला. तुमचा तुमी बगा."

कुणी हसलं नाही. सून माझ्या बाजूनंच रस्त्याला गेली. जवळून जाताना डोक्यावर पदर घेतला, सासऱ्यासमोर घेतात तसा, रीत म्हणून. "येते, मामा," म्हणाली. थांब्याकडं जाताना झपाझप गेली. एसटी यायला अजून अवकाश होता.

बायका दुसऱ्या वाफ्याला लागल्यावर मी वहिनीचा बांध ओलांडला आणि सुनेनं खुरपलेली पात वाकून बघत गेलो. मी बांधाबांधानं हिंडलेला माणूस, कुणाचंही काम बघून मला खोट काढता येते. एका टोकापासून सुरुवात केली. काठी बाजूला ठेवली, उकिडवा बसलो, कांद्याची पात हातानं सारून बुडाशी बघितलं. एखादा लव्हाळा राहिला असता, एखादा कांदा दुखावला असता तर मी वहिनीला हाक मारली असती. दुसऱ्या टोकाला पोचेपर्यंत गुडघे भरून आले. एकही सापडला नाही.